उष्ट्याचे हौद

आमच्या मंगल कार्यालयातलं उष्टं अन्न लोणी काळभोरचा एक म्हशीवाला न्यायचा. लग्नाच्या दिवशी शेवटची पंगत उठली की त्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायचा, कारण कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. तो आणि त्याची बायको दोन्हीकडून धरून पिंपं बाहेर न्यायची. पिंपं गेली की मी मागचं अंगण धुऊन घ्यायचे आणि माझा दिवस संपायचा. ते अन्न पुढे कुठे जातं आणि त्याचं काय होतं, याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मग एका सकाळी तो रिकाम्या हातांनी आला. चपला बाहेर काढून ऑफिसच्या दारात उभा राहिला.

"काकू, आता माझं येनं व्हायचं न्हाई. म्हशी इकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्याच. रानात कालेज झालंय. थोरला तितंच वॉचमन हाय. म्हशी बांदायच्या कुटं?"

त्याने पेढे आणले होते. ते म्हशी विकल्याचे की मुलाला नोकरी लागल्याचे, हे मी विचारलं नाही. त्यालाही ते नक्की माहीत नसावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

कार्यालय माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. पुढे ते दोघा भावांकडे आलं. थोरले दीर लवकर गेले. त्यांच्यामागे मोठ्या जाऊबाईंनी स्वयंपाकघर हातात घेतलं, ते घेतलंच. मी त्यांना वहिनी म्हणायचे. बुकिंग आणि पाहुण्यांशी बोलणं ह्यांच्याकडे. उरलेलं सगळं माझ्याकडे. म्हणजे गाद्या, चादरी, नळ, दिवे, नवरीची खोली, रुसलेले व्याही आणि मागचं अंगण.

वहिनींचं नाक प्रसिद्ध होतं. नैवेद्य दाखवण्याआधी आमच्या स्वयंपाकघरात कुणी काही चाखत नसे. आचाऱ्यानेही बोट लावायचं नाही. त्यामुळे सगळा निवाडा वासावर. वहिनी दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "आमटी खाली लागतेय," किंवा "हे तेल कालचं आहे, ओतून टाका." आमचा आचारी वऱ्हाडातून आलेला, अंगाने दांडगा, पण त्यांच्यासमोर वाटी दोन्ही हातांनी धरायचा. त्या वाटी नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मान हलवत. ती मान कोणत्या दिशेने हलते त्यावर दोन-तीनशे लोकांचं जेवण अवलंबून असे.

माझ्यावरही हे नाक चालायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा हिंग जरा जास्त टाकला होता. त्याबद्दल त्या पुढची वीस-पंचवीस वर्षं बोलत होत्या. आमचं भांडण असं कधी झालं नाही. आमच्यात नुसतं कमी बोलणं होतं, आणि ते आम्ही दोघींनी व्यवस्थित सांभाळलं होतं.

म्हशीवाला गेला त्या सुमाराला लग्नांची जेवणं बदलत होती. मुलं-मुली आयटीत लागल्या होत्या. मेन्यू आता मुलीचे वडील नाही, मुलगी ठरवायची, तेही फोनवर, ऑफिसातून. पंगती गेल्या, बुफे आला. एका मुलीने लाइव्ह काउंटर हवा म्हणून सांगितलं तेव्हा वहिनींनी ह्यांना विचारलं, "लाइव्ह म्हणजे? बाकीचं मेलेलं असतं का?"

पंगतीत वहिनी रांगेतून फिरत आणि कुणाच्या पानात जिलबी उरलेली दिसली की थांबून विचारत, "टाकायचीच होती तर घेतलीत कशाला?" लोक घाबरून संपवत. बुफेत असं कुणाला विचारणार? लोक हातात ताटली घेऊन फिरतात आणि कोपऱ्यात ठेवून देतात. अर्धी ताटली भरलेली. पिंपं दुपटीने भरायला लागली, आणि न्यायला कोणी नाही.

काही दिवस पालिकेच्या गाडीने नेलं. मग आरोग्य निरीक्षक आले. तरुण होते, घामाघूम झाले होते, गल्लीत मोटरसायकल लावायला जागा सापडली नव्हती. त्यांनी पाणी मागितलं आणि मग सांगितलं की आता हॉटेलं, कार्यालयं, कंपन्यांची कँटीनं, ज्यांच्याकडे जास्त ओला कचरा होतो त्या सगळ्या आस्थापनांनी तो आपल्या जागेवरच जिरवायचा. गाडी फक्त सुका नेणार.

"जिरवायचा म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"खत करायचं, आजी. किंवा गॅस. तुमच्या आवारातच."

"इतकं उष्टं आवारात जिरवायचं? आम्ही काय म्हशी आहोत?"

निरीक्षक हसले नाहीत. त्यांना दिवसभरात अशी बरीच वाक्यं ऐकून घ्यावी लागत असणार. त्यांनी ह्यांच्याकडे कागद दिला, मुदत सांगितली, दंडाचंही सांगितलं, आणि जाता जाता मला म्हणाले, "काकू, अवघड नाहीये. वास येऊ द्यायचा नाही, बस."

ते वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

रात्री जेवताना मुलाने उपाय सांगितला. तो तेव्हा हिंजवडीच्या एका कंपनीत होता. "आई, मशीन घे ना. आमच्या कॅम्पसवर आहे. एका दिवसात कंपोस्ट. पूर्ण ऑटोमॅटिक."

"तू बघितलंयस चालताना?"

"मी नाही बघितलं. पण आहे."

"कोण चालवतं?"

"व्हेंडर."

आमच्याकडे व्हेंडर नव्हता. भांडी घासणाऱ्या बायकांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, भांडी कितीही आणा, पण ते हात घालून निवडायचं काम आम्ही करणार नाही. आचाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात ह्यांच्या "बघू"चा अर्थ मीच बघायचं असा होतो.

तेव्हा मागच्या अंगणात विटांचे दोन हौद बांधले, कमरेएवढे, खाली भोकं, वर पत्र्याची झाकणं. जागा तेवढीच होती आणि तिथे वहिनींची फुलझाडं होती. अनंत गेला, जास्वंदी गेल्या. भिंतीलगतचा मोगरा तेवढा गवंड्याने वाचवला. वहिनी गॅलरीतून बघत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्या हौदावरून आलीस की अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"बरं," मी म्हणाले.

त्याच्या पुढचं वर्ष मी हौदापाशी काढलं. मुहूर्त असले की आठवड्यात तीन-तीन कार्यं. पाहुणे गाड्यांत बसले की मी जुनं लुगडं कमरेला खोचायचे, रबरी मोजे चढवायचे आणि पिंपं ओणवी करायचे. नुसतं अन्न असतं तर सोपं होतं. त्यात टिश्यू पेपर, आइस्क्रीमचे कप, प्लास्टिकचे चमचे, पनीरच्या तुकड्यात खुपसलेल्या काड्या. एकदा एका आजोबांची कवळी निघाली, टिश्यूत नीट गुंडाळलेली. त्यांच्या सुनेचा फोन आलाच होता. मी ती उकळत्या पाण्यातून काढून पाठवली आणि कुठे सापडली हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलंही नाही.

निवडून झालं की थर द्यायचा. खाली पालापाचोळा, वर अन्न, वर शेणकाला, आंबट ताक, मग पुन्हा कोरडं काहीतरी. कोरडं कमी पडलं की हौद चिघळायचा. गल्लीत पूर्वी सुतारांची दुकानं होती तेव्हा लाकडाचा भुसा फुकट मिळाला असता. आता तिथे मोबाइलची दुकानं होती. मंडईतून नारळाच्या शेंड्या मागवायचे, त्या कधी यायच्या, कधी नाही.

गुडघे तेव्हाच धरायला लागले. केसांना वास बसायचा. शिकेकाईने धुतले तरी उशीवर डोकं ठेवलं की मला तो यायचा. हे बाजूला झोपलेले असायचे आणि कूस बदलायचे. वहिनी हौदाच्या बाजूला यायच्याच नाहीत. मोगऱ्याची फुलं हवी असली तर पदर नाकाला लावून, लांबून वळसा घालून, घाईघाईने तोडून न्यायच्या. आल्यागेल्याला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "देवाची फुलं नरकातून आणावी लागतात."

त्या वर्षी दिवाळीनंतर वहिनींना ताप आला. सर्दी, खोकला, ताप, असं पुण्यात घरोघर होतं. आठवडाभर त्या खोलीत होत्या. मग उठल्या आणि पुन्हा दारातल्या खुर्चीवर येऊन बसल्या. जरा गप्प असायच्या. वयाने असेल, मी म्हटलं. आम्ही सगळेच दमलेलो होतो.

वैशाखात एक मोठं लग्न होतं. मुलगा-मुलगी दोघंही एकाच कंपनीतले, मेन्यू इतका की भटारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गोडात सीताफळ बासुंदी. दूध आदल्या संध्याकाळी आलेलं, उकाडा भयंकर, आणि बर्फ कमी पडला होता. आचाऱ्याने रीतीप्रमाणे वाटी भरून वहिनींसमोर धरली. त्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले.

"छान. वेलदोडा अगदी पुढे येतोय. घ्या वाढायला."

मी नैवेद्याचं ताट घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी वाटी मागे करून माझ्या ताटात ठेवली आणि मला तो वास आला. आंबूस, अगदी स्पष्ट. दोन हातांवरून कळावा असा.

मी वाटी उचलून आचाऱ्याला भट्टीपाशी घेऊन गेले. "हे पातेलं बाजूला ठेवा. वाढू नका."

"पण वहिनी तर छान म्हणाल्या न."

"तुम्ही वास घ्या."

त्याने घेतला. त्याचा चेहरा उतरला. "मग त्या कशा..."

"गर्दीत कळलं नसेल. तुम्ही कुणाला बोलू नका. जिलबी मागवते."

हे स्वतः रिक्षाने जाऊन जिलबी घेऊन आले. मुलीच्या आईला सांगितलं, दूध नासलं, माफ करा. ती बिचारी भली होती. आणि ते पातेलंभर बासुंदीचं काय करायचं हा प्रश्न माझ्यासमोर उरला. मोरीत ओतली तर मोरी तुंबते आणि पाणी मागच्या घरात जातं. ओलं ते सगळं हौदात, हा नियम. मी हौदात ओतली. दुधाचं हौदात काही घालू नये एवढं मला तोवर कळत होतं, पण त्या दुपारी मला दुसरं काही सुचेना, आणि सुचवायलाही कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हौद उलटला. म्हणजे झाकणाखालून पांढुरका फेस आला आणि असा वास सुटला की पुढच्या ऑफिसात ह्यांनी उदबत्त्या लावल्या. मागच्या भिंतीपलीकडे एका बुकबाइंडरचं घर आणि दुकान होतं. मुसलमान कुटुंब, तीन पिढ्या त्याच जागेत. पूर्वी ते वह्या-पुस्तकं बांधायचे. कॉम्प्युटर आले तसं ते काम गेलं, आणि आता इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रोजेक्ट काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून द्यायचे. ते स्वतः आले. पायरीवर उभे राहिले. वर या म्हटलं तरी आले नाहीत.

"ताई, तक्रार नाही करत. सांगायला आलोय फक्त. प्रोजेक्टचे दिवस आहेत आणि मुलं दुकानात थांबत नाहीत. एक मुलगा ओकला."

मी माफी मागितली. आजच काढते म्हणाले. कसं काढणार हे मला माहीत नव्हतं. तोंडाला फडकं बांधून मी मागे गेले.

तिथे वहिनी उभ्या होत्या. हौदाला अगदी खेटून, मोगऱ्यापाशी. पदर खांद्यावर होता, नाकावर नव्हता. त्या सावकाश, एकेक कळी बघून, फुलं तोडत होत्या. मग त्यांनी ओंजळ नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरली. खाली घेतली, पुन्हा नेली.

मी फडक्याआडून हाक मारली, "वहिनी, तिथे उभ्या काय राहिलात? बाजूला या ना."

"का? काय झालं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बासुंदी, वेलदोडा, दिवाळीनंतरचं ते गप्प बसणं, सगळं एकदम. मी जवळ गेले आणि फडकं खाली ओढलं.

"वहिनी, तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी ओंजळीतली फुलं परडीत टाकली. इकडेतिकडे बघितलं. आचारी दाराशी नव्हता.

"हौद खराब झालाय?" त्यांनी विचारलं.

"फार."

"मला वाटलंच, माशा दिसल्या तेव्हा." मग जरा थांबून म्हणाल्या, "तापापासून नाही येत. काहीच नाही. उदबत्तीचा नाही, कापराचा नाही. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल."

"मग इतके महिने स्वयंपाकघरात?"

"तुझ्याकडे बघत होते." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझं नाक लगेच मुरडतं. पहिल्यापासून तसं आहे, मला आवडायचं नाही ते. तू नाक मुरडलंस की मी म्हणायचे, हे नको. परवा तू ताट घेऊन मागे उभी होतीस. मला दिसलीच नाहीस."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघितलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला रडू आलं असतं, पण त्या वासात तोंड उघडवत नव्हतं.

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं. म्हणाले, तापाने नस दुखावली आहे, परत येईल किंवा येणारही नाही, या वयात सांगता येत नाही. वहिनींनी विचारलं, "औषध?" ते म्हणाले, "वाट बघा." बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "वाट बघायला डॉक्टर कशाला लागतो?" रिक्षात त्या पूर्ण वेळ रस्त्याकडे बघत होत्या. मी त्यांचा हात धरला नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती.

हौद मी आणि त्या बुकबाइंडरच्या थोरल्या मुलाने मिळून निस्तरला. खरं तर त्याच्या वडिलांनीच सुचवलं. ओल फार झालीय म्हणता तर आमच्याकडे कागदाचं कातरण पडतं, पोतीच्या पोती, कोरं पांढरं, नेता का? आम्ही वरचा राडा उपसला, कातरण मिसळलं, खालीवर केलं. आठवड्याभरात वास बसला. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाजानंतर त्यांच्याकडून भिंतीवरून एक पोतं यायचं आणि आमच्याकडून, कार्य असेल तर, डबा जायचा.

वहिनींनी स्वयंपाकघर सोडलं. कारण कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी आचाऱ्याला बोलावून म्हणाल्या, "उद्यापासून वाटी हिच्यापुढे धरायची. मी मागचं बघते."

"मागचं म्हणजे कुठलं, वहिनी?"

"हौद."

आचारी माझ्याकडे बघायला लागला. उष्ट्याचा शिंतोडा उडाला तर अंघोळ करणारी बाई. मीही त्याच्याइतकीच थक्क झाले होते. दुपारी मी त्यांना म्हटलं, असं करायची काही गरज नाही, तुम्ही बसा, झालं तेवढं पुष्कळ झालं.

"बसून काय करू? सगळ्यांना जो वास सहन होत नाही तो मला येत नाही. मग मीच केलेलं बरं." आणि मग, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "तुला तरी कुठे नीट जमतंय?"

त्या खरंच करायला लागल्या. डोक्याला फडकं, हातात मोजे, शेजारी स्टूल. नियम त्यांनीच केले. दुधाचं काही नाही, लिंबाची सालं वेगळी, भात पिळून घालायचा. पाहुणे जेवत असतानाच त्या बुफेच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहत आणि ताटली ठेवणाऱ्याला म्हणत, "टिश्यू इकडे, काडी इकडे, उरलेलं इकडे. निवडायला मी आहे, पण मी म्हातारी आहे." पंगतीतल्यासारखे लोक पुन्हा घाबरायला लागले. त्या महिन्यांत पिंपं जरा कमी भरली.

माझा भार मात्र काही कमी झाला नाही. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं होतं. पहाटेपासून भट्टीपाशी उभं राहायचं, वाटीमागून वाटी हुंगायची, आणि जबाबदारी अशी की डोकं दुखायचं. आणि हौदाचंही सुटलं नव्हतं. हौद बिघडायला लागला की ते आधी नाकालाच कळतं, आणि ते नाक आता माझंच होतं. मी आमटीत गुंतलेली असताना मागून हाक यायची, "अगं, ये जरा इकडे. नाक घेऊन ये."

मी हात पुसत जायचे. झाकण उघडून उभी राहायचे.

"कसा येतोय?"

पहिल्यांदा मी म्हणाले, "ठीक आहे." तर त्या चिडल्या. "ठीक म्हणजे काय? ठीक हा काय वास आहे? नीट सांग."

मग सांगायला लागले. आंबट आहे, पण ताकासारखा, दह्यापलीकडे गेलेला नाही. किंवा ओल्या गोणपाटासारखा. किंवा, हौद बरा झाला की, पावसाळ्यात कुंडी उचलल्यावर खालून येतो तसा. त्या ऐकून घ्यायच्या आणि त्याप्रमाणे कातरण घालायच्या किंवा पाणी शिंपडायच्या. हळूहळू त्या दुसरंही विचारायला लागल्या. आज आत काय शिजतंय, मसालेभाताला गोडा मसाला बरोबर पडलाय का, मोगरा फुललाय तो येतोय का. मी दमलेली असायचे. मला शब्द सुचायचे नाहीत. कधी कधी वाटायचं, खोटंच काहीतरी सांगावं आणि जाऊन पडावं. पण त्या स्टुलावर बसून वर माझ्याकडे बघत असायच्या, आणि मी पुन्हा एकदा श्वास घ्यायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "हिंग येतोय का?"

"हो."

"जास्त झालाय?"

"नाही."

"मग तू नाही घातलास," त्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी हसलो. मला आठवतं त्याप्रमाणे त्याआधी आम्ही दोघी मिळून कधी हसलो नव्हतो.

निरीक्षक बदलले. नवे आले, झाकण उचलून बघायचे, फोनवर फोटो काढायचे आणि जायचे. एकदा त्यांनी वहिनींना विचारलं, इतर कार्यालयवाल्यांना दाखवायला आणू का, तुमचं चांगलं चाललंय. वहिनी म्हणाल्या, "आणा. पण त्यांचं जेवण झाल्यावरच आणा."

असं काही वर्षं चाललं. मग लग्नं कमी व्हायला लागली. लोकांना पार्किंग हवं होतं, हिरवळ हवी होती, नवरीला गाडीतून थेट मांडवात उतरायचं होतं. आमच्या गल्लीत ते होण्यासारखं नव्हतं. मुंजी, डोहाळजेवणं, साठीशांती, एवढंच उरलं. ह्यांना अटॅक येऊन गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता," आणि कुणीच वाद घातला नाही. कार्यालय आम्ही एका क्लासला भाड्याने दिलं. आता तिथे मुलं कॉम्प्युटरच्या परीक्षांची तयारी करतात आणि डबे घरून आणतात. ओला कचरा जवळजवळ नाहीच.

हौदांतलं शेवटचं खत बुकबाइंडरच्या सुनेने गच्चीवरच्या कुंड्यांसाठी नेलं. हौद रिकामे झाले त्या दिवशी वहिनींनी आत वाकून, हात फिरवून बघितलं. "झालं," म्हणाल्या आणि मोजे काढून कचऱ्यात टाकले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. तसं काही दिसलं नाही. दमल्या होत्या. मीही.

आम्ही तिघं आता वरच्या मजल्यावर राहतो. वास काही परत आला नाही. वास गेला की चवही जवळजवळ जाते, हे मला आधी माहीत नव्हतं. गोड, खारट, तिखट एवढं वहिनींना कळतं, बाकी सगळं सारखं. त्या वेळ झाली की जेवतात आणि वेळ झाली म्हणूनच जेवतात. काही महिन्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं की कुरडई किंवा पापड ताटात असला की त्या जरा जास्त भात घेतात. जिभेला नाही तरी दातांना काहीतरी कळत असणार. तेव्हापासून मी रोज काहीतरी कुरकुरीत करते. सांडगी मिरची, पोह्याचा पापड, नाहीतर नुसते भाजलेले दाणे. सकाळी गॅसपाशी उभं राहवत नाही, गुडघे बोलतात, म्हणून स्टूल घेतलंय.

काल मी भेंडीचे काप तळून वाढले. त्यांनी एक उचलला, चावला, आणि थांबून ऐकल्यासारखं केलं.

"हे बरं झालंय," त्या म्हणाल्या. "उद्या कर परत."